भिंतीपलीकडची ऊब: औद्योगिक वसाहतीत गरम पाण्याचं सामाईक जाळं कसं उभारावं

बडोद्यात मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत (गुजरातच्या सरकारी औद्योगिक वसाहतीत) मी ज्या गल्लीत वर्षानुवर्षं जातो, तिथे डाव्या हाताला एक प्लॅस्टिक मोल्डिंगवाला आहे. त्याच्या छतावरचा कुलिंग टॉवर दिवसभर ३६-३७ अंशांचं पाणी खाली पाडून गार करत असतो. पंखा, पंप आणि उडून जाणारं पाणी या तिन्हींचे पैसे तो भरतो. भिंतीला भिंत लागून पावडर कोटिंगवाला (धातूच्या वस्तूंवर पावडरचा रंग भाजून चढवणारा) आहे. त्याच्या सात टाक्यांपैकी तीन टाक्या ५५-६० अंशांवर ठेवायला तो गॅस जाळतो. एक जण उष्णता फेकायला पैसे देतो, दुसरा तीच विकत घेतो, आणि मध्ये नऊ इंची भिंत.

हे रोजचंच दृश्य होतं, डोळ्यांना कधी खुपलं नव्हतं. डेन्मार्कमध्ये ओडन्सला शिकणाऱ्या भाचीचा फोन आला तेव्हा खुपलं. "मामा, इथे फेसबुकच्या डेटा सेंटरची उष्णता पाइपातून शहरात येते, आमची खोली त्यावर तापते." मी म्हटलं, "अगं, बडोद्यात थंडी आहे कुठे? स्वेटर निघतो तो उत्तरायणाच्या आसपास, दहा-पंधरा दिवस." ती म्हणाली, "थंडीचा काय संबंध? तुमच्या कारखान्यांना गरम पाणी लागत नाही का?"

लागतं. बारा महिने लागतं. पुढचं सगळं त्या प्रश्नातून निघालं.

आधी तिकडचं थोडं

डिस्ट्रिक्ट हीटिंग म्हणजे एका ठिकाणी पाणी तापवायचं, पाइपातून वस्तीत फिरवायचं, घरोघरी त्यातली उष्णता काढून घ्यायची आणि गार झालेलं पाणी परत आणायचं. सुरुवात वाफेने झाली. न्यूयॉर्कमध्ये १८८२ पासून रस्त्यांखालून वाफ विकली जाते, आजही. पुढे १०० अंशांच्या वरचं, दाबाखालचं पाणी आलं, मग १०० च्या खालचं, आणि आता नवी जाळी ५०-६० अंशांवर चालवतात.

दर पिढीत तापमान उतरत गेलं आणि प्रत्येक उतरणीला नवे उगम हाताशी आले. वाफेच्या जाळ्याला बॉयलरच लागतो. ६० अंशांच्या जाळ्याला काहीही चालतं. हॅम्बुर्गमध्ये तांबं वितळवणाऱ्या कारखान्याची उष्णता २०१८ पासून एका नव्या वस्तीला मिळते. लंडनच्या इझ्लिंग्टन भागात भुयारी रेल्वेच्या हवेतून उष्णता काढतात. हेलसिंकीत एका बागेखाली बसवलेले हीट पंप (कमी अंशांची उष्णता विजेच्या जोरावर जास्त अंशांवर चढवणारी यंत्रं, फ्रिजसारखी) शहराच्या सांडपाण्यातून ती उपसतात. नॉर्वेच्या द्रामेनमध्ये अमोनियाचा हीट पंप फ्योर्डच्या थंडगार पाण्यावर चालतो आणि ९० अंशांचं पाणी देतो.

आपल्याला यातून एकच गोष्ट घ्यायची आहे: आधी मागणीचं तापमान उतरवा, मग उगम शोधा. आपल्याकडे सगळे उलट करतात. आधी सोलरवाल्याला किंवा हीट पंपवाल्याला बोलावतात, तो विचारतो "किती अंश हवं?", शेठ म्हणतात "आत्ता सात किलो प्रेशरची वाफ आहे, तेवढंच द्या." तिथेच विषय संपतो.

एक खुलासा आधीच करतो. हे घरांसाठी नाही. बडोद्यात घराला सकाळी दोन-चार बादल्या गरम पाणी लागतं. त्यासाठी रस्ते खणू नका, गच्चीवरचा सोलर पुरे. हा लेख एका गल्लीतल्या चार ते दहा कारखान्यांसाठी आहे, किंवा इस्पितळ, हॉस्टेल आणि लाँड्री एका आवारात असतील अशांसाठी.

पायरी १: बिल नंतर, आधी थर्मामीटर

एक वही घ्या. प्रत्येक युनिटमध्ये, म्हणजे कारखान्यात, जाऊन चार रकाने भरा: काम कोणतं, त्या कामाला खरोखर किती अंश लागतात, तासाला किती उष्णता, आणि कोणत्या वेळी. "खरोखर" या शब्दावर जोर आहे. बॉयलर अटेंडंट तुम्हाला वाफेचं प्रेशर सांगेल. तुम्हाला टाकीतलं तापमान हवंय.

माझ्या वहीत साधारण अशा नोंदी येतात. पावडर कोटिंगचं डीग्रीजिंग आणि फॉस्फेटिंग ५०-६० अंश. निकेल प्लेटिंगची टाकी ५०-६०. इस्पितळाच्या कपड्यांची धुलाई ६५-७१. दूधवाल्याचं पाश्चरायझेशन ७२, आणि टाक्या-पाइप धुण्याचं कॉस्टिक ७०-८०. बॉयलरचं फीडवॉटर (त्यात भरायचं पाणी) २७ पासून पुढे जितकं मिळेल तितकं. याउलट लीलो चेवडो तळणाऱ्याची कढई १७० च्या वर, पावडर कोटिंगची भट्टी १८०-२००. या दोघांचे गॅस बर्नर तसेच राहू द्या, त्यांच्या नादी लागून जाळं गरम करू नका.

उष्णता मोजायचं गणित तोंडपाठ करा: एक घनमीटर पाणी एक अंशाने तापवायला १.१६ युनिट (विजेच्या बिलातलंच युनिट, म्हणजे किलोवॅट-तास) लागतात. तासाला १० घनमीटर पाणी ७० अंशांवर गेलं आणि ४० वर परत आलं, तर १० × ३० × १.१६३, म्हणजे ३४९ किलोवॅट पोचले. तेच पाणी ६० वर परत आलं तर फक्त ११६. पाइप तोच, पंप तोच, काम एक तृतीयांश. पुढे येणारा सगळा त्रास या एका ओळीत आहे.

पायरी २: तापमान उतरवा

सर्वांत जास्त वेळ इथे द्या. पैसे सर्वांत कमी इथे लागतात, म्हणून कोणी लक्ष देत नाही.

सात किलो प्रेशरची वाफ म्हणजे १७० अंश. ती ५५ अंशांच्या टाकीत सोडणं म्हणजे निरांजन लावायला होळी पेटवणं. पण गेली चाळीस वर्षं ते तसंच चालत आलंय, कारण टाकीतली जुनी कॉइल (वाफ फिरवणारी वेटोळी नळी) लहान आहे आणि लहान कॉइलला जास्त तापमानाचं माध्यम लागतं. कॉइल मोठी करा किंवा बाहेर प्लेट हीट एक्स्चेंजर (पाणी न मिसळता पातळ पत्र्यांतून एकाची उष्णता दुसऱ्याला देणारं उपकरण) बसवून टाकीतलं द्रव त्यातून फिरवा. मग ७० अंशांच्या पाण्यावर ५५-६० ची टाकी आरामात चालते. फक्त सकाळी टाकी गारेगार असताना ती तापायला जास्त वेळ घेईल. त्यासाठी आदल्या रात्री टाकीवर झाकण घाला. हसू नका. उघड्या टाकीतून वाफेवाटे जाणारी उष्णता कडांमधून जाणाऱ्यापेक्षा कितीतरी जास्त असते, आणि तरंगते प्लॅस्टिकचे गोळे हा त्यावरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

प्लेटिंगच्या टाकीत आम्ल आहे, तेव्हा साध्या लोखंडी कॉइलचा विचारही नको. टाकीतलं द्रव सांगून टायटॅनियम किंवा टेफ्लॉनची कॉइल घ्या, आणि परतीच्या पाइपवर कंडक्टिव्हिटीचा सेन्सर लावा. कॉइल फुटली तर प्लेटिंगचं पाणी गल्लीभर फिरायला नको. याच कारणाने खाण्यापिण्याचा माल बनवणाऱ्या युनिटला जाळ्याचं पाणी थेट कधीच देऊ नये. मध्ये दुहेरी भिंतीचा एक्स्चेंजर हवा.

ज्या युनिटला वाफच लागते त्याचीही आवराआवर करून घ्या. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे जुने ठोकताळे अजून तंतोतंत लागू पडतात: फीडवॉटर ६ अंशांनी जास्त गरम आलं की इंधन १ टक्का वाचतं, आणि सात किलो प्रेशरच्या लाइनला ३ मिलिमीटरचं भोक असेल तर वर्षाला ३३ हजार लिटर फर्नेस ऑइलइतकी उष्णता जाते. कंडेन्सेट, म्हणजे वाफेचं परत झालेलं गरम पाणी, गटारात सोडणाऱ्याला जाळ्यात घेण्याआधी ते परत आणायला लावा.

तापमान उतरवण्याचा एक कायदेशीर फायदा आहे आणि तो बऱ्याच जणांना ठाऊक नसतो. आपल्या बॉयलर कायद्यातून १०० अंशांच्या खाली पाणी तापवणारी उपकरणं वगळलेली आहेत. १९२३ चा कायदा जाऊन २०२५ मध्ये नवा आला, त्यातही ही सूट कायम आहे. गल्लीतून साडेतीन किलोच्या वरची वाफ न्यायची तर प्रत्येक पाइप, प्रत्येक वेल्डर आयबीआरखाली (बॉयलरच्या सरकारी नियमावलीखाली) येतो. ७० अंशांच्या पाण्याला ते लागत नाही. सुरतजवळ सचिनमध्ये सामाईक बॉयलरची वाफ पाइपातून कारखान्यांना विकतात, आणि कापड रंगवणाऱ्यांसाठी ते बरोबरच आहे, त्यांना वाफच लागते. आपल्या गल्लीला ते सोंग नको.

पायरी ३: फुकट जाणारी उष्णता हुडका

आता वहीचं दुसरं पान. फेकली जाणारी उष्णता कुठे, किती अंशांवर, कोणत्या वेळी?

*स्क्रू कॉम्प्रेसर.* कारखान्याला दाबाखालची हवा पुरवणारं यंत्र. सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत चांगला उगम. त्याला दिलेली वीज जवळजवळ सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. तेल ८०-९० अंशांवर असतं आणि एक छोटा एक्स्चेंजर लावला की ७० अंशांचं पाणी मिळतं. ७५ किलोवॅटचा कॉम्प्रेसर लोडवर असताना ५० ते ५५ किलोवॅट सहज काढता येतात. कॉम्प्रेसर रूममधला उकाडा कमी होतो तो वेगळाच.

*चिलर.* पाणी थंड करणारं यंत्र. १०० टनांचा (टन हे इथे गारव्याचं माप) चिलर कुलिंग टॉवरवर सव्वाचारशे किलोवॅटच्या आसपास फेकतो. ढीगभर उष्णता, पण ३५ अंशांची. तिला वर उचलायला हीट पंप लागतो.

*डिझेल जनरेटर.* तो चालतोच कुठे रोज? सोडून द्या.

*बॉयलरचं धुरांडं.* गॅसवर असेल तर धूर चांगला गार करता येतो. गंधकवाल्या इंधनाचा धूर फार गार केला की त्यात सल्फ्युरिक आम्ल सुटतं आणि वर्षभरात एक्स्चेंजरची चाळणी होते.

*सांडपाणी.* लाँड्रीचं पाणी ४५-५० अंशांवर गटारात जातं, आणि ईटीपीतले (सांडपाणी शुद्धीकरण केंद्रातले) जिवाणू ४० च्या वर कुरकुर करतात. त्यामुळे ते गार करणं असंही भागच असतं. फक्त त्यात कपड्यांचे तंतू असतात. चाळणीशिवाय प्लेट एक्स्चेंजर लावलात तर आठवड्याला खोलत बसाल.

जमिनीखालच्या उष्णतेबद्दल कोणी ना कोणी विचारतंच, गोध्र्याजवळ टुव्याला गरम पाण्याचे झरे आहेत म्हणून. आहेत, पण ते तिथे आहेत. रेक्याविकने १९३० मध्ये झऱ्याचं पाणी शाळेला पोचवून सुरुवात केली, कारण झरा गावाजवळच होता. गरम पाणी पाइपातून शेकडो मैल नेण्याची वस्तू नव्हे.

पायरी ४: पंगत लावा

लोक सगळ्या युनिटांना समांतर जोडतात: प्रत्येकाला ७० अंश, प्रत्येकाकडून जे येईल ते परत. प्लेटिंगची ५५ ची टाकी पाण्याला ५८ च्या खाली गार करूच शकत नाही, म्हणून परतीचं पाणी गरम राहतं आणि जाळं निम्म्याहून कमी काम करतं. त्याऐवजी एकामागे एक वाढा. ज्यांना जास्त तापमान हवं ते आधी. त्यांच्याकडून ५८-६० वर निघालेलं पाणी पुढे लाँड्रीच्या २७ अंशांच्या ताज्या पाण्याला आणि बॉयलरच्या फीडवॉटरला गरम करायला द्या. तिथून ते ४० वर, नशीब असेल तर त्याहून खाली परत येतं. ताजं गार पाणी वापरणारं एक तरी युनिट जाळ्यात असलंच पाहिजे. ते नसेल तर जाळं उभारायच्या आधी दोनदा विचार करा.

तापवण्याच्या बाजूलाही अशीच पंगत. आपलं उदाहरण घ्या: १० घनमीटर, ४० ते ७०. पहिले २० अंश हीट पंपने, म्हणजे २३३ किलोवॅट. शेवटचे १० अंश कॉम्प्रेसरच्या तेलाने, म्हणजे ११६, हे जवळपास ७५ किलोवॅटच्या दोन कॉम्प्रेसरांचं काम. हीट पंपला ६० च्या वर चढावं लागत नाही, म्हणून तो कमी वीज खातो. चिलरच्या पाण्यातून उष्णता घेताना एका युनिट विजेला चार युनिट उष्णता, हा माझा हिशेबाचा आकडा. कंपनीवाले पाच सांगतील. चारच धरा. म्हणजे ५८ किलोवॅट वीज, आणि उरलेले १७५ चिलरच्या पाण्यातून. मोल्डिंगवाल्याच्या टॉवरचा तेवढा, ५० टनांचा, भार उतरला.

पैशाचं बोलू

भाव हिशेबासाठी धरलेले आहेत, तुम्ही आपापली बिलं समोर ठेवा. गॅस ५० रुपये घनमीटर, ९,००० किलोकॅलरी, बॉयलर ८० टक्के: उपयोगी उष्णतेचं युनिट ६ रुपयांना पडतं. वीज ८ रुपये, हीट पंपाला चार पट: २ रुपये. आयात कोळसा ८ रुपये किलो, ५,००० किलोकॅलरी, बॉयलर ७० टक्के: हेही जवळपास २ रुपये.

म्हणजे गॅसवाल्याने उद्या सकाळी सुरुवात करावी. कोळशावाल्याला नुसता हीट पंप पैशात फायदा देणार नाही. त्याचा फायदा कॉम्प्रेसरच्या फुकट उष्णतेत, राख आणि धुराच्या कटकटीत, आणि प्रदूषण मंडळाच्या फेऱ्यांत आहे. हे शेठना आधीच सांगा, नंतर तोंड लपवावं लागत नाही.

जाळं दिवसाला १० तास, वर्षाला ३०० दिवस चाललं तरी भार सरासरी ६० टक्केच धरा. वर्षाची उष्णता साधारण ६ लाख ३० हजार युनिट होते. गॅसवर तिचे साडेसदतीस लाख रुपये. जाळ्यावर विजेचे साडेआठ लाखांच्या आत, वर पंप आणि देखभाल.

कोणी म्हणेल, वीजही कोळशाचीच की. खरं आहे. आपल्या ग्रिडच्या युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. पण चार पट उष्णता मिळाल्यावर ते पावणेदोनशे ग्रॅमवर येतं. गॅस बॉयलरचं अडीचशेच्या घरात आणि कोळशाच्या बॉयलरचं पाचशेच्या आसपास जातं. छतावर सोलर पॅनेल असतील तर त्याहून खाली.

पायरी ५: पाइप

अंतर किती चालेल? युरोपातले लोक खंदकाच्या एका मीटरमागे वर्षाला किती उष्णता विकली जाते ते बघतात. दीड-दोन हजार युनिटांच्या खाली गेलं की पाइपाचा खर्च निघणं अवघड होतं. आपल्या उदाहरणात ३०० मीटर खंदक धरला तर मीटरमागे २,१०० येतात. जमतं. गल्ली ओलांडून मागच्या रस्त्याला एकच ग्राहक असेल तर त्याला नम्रपणे नाही म्हणा.

१० घनमीटरला अडीच इंची पाइप घ्या. दोन इंचीत पाणी पळतं, पण पंपाचं बिल पाइपातल्या बचतीपेक्षा मोठं होतं. अडीच इंची पाइप ७० अंशांवर उघडा ठेवला तर मीटरमागे १०० वॅटच्या आसपास जातात. ५० मिलिमीटर रॉकवूल चढवलं की १२-१३. ३०० मीटरला ३० किलोवॅट विरुद्ध ४, त्यामुळे इन्सुलेशनवर घासाघीस करू नका. कारखान्यातून फॅक्टरी-इन्सुलेटेड पाइप आणून पुरलेत तर उत्तम. वरून नेत असाल तर अॅल्युमिनियमच्या पत्र्याचे सांधे खालच्या बाजूला ठेवा आणि सीलंट भरा. आपल्या पावसात एकदा पाणी आत गेलं की रॉकवूल स्पंज होतं आणि आतून लोखंड खातं.

लोखंड वाढतं, हे विसरू नका: १०० मीटरला साधारण पाच सेंटिमीटर. यू-लूप द्या. सरळ लाइन दोन भिंतींत चिणलीत तर ती भिंत घेऊन जाईल.

जाळ्यात बोअरचं पाणी भरू नका. बडोद्याच्या बोअरचा क्षार एक्स्चेंजरच्या प्लेटांवर बसतो आणि मग सगळे म्हणतात, हीट पंप कमजोर आहे. मऊ केलेलं पाणी एकदाच भरा, आणि मेकअपच्या (नंतर वरून भरायच्या) पाण्यावर साधा मीटर बसवा. तो फिरायला लागला तर कुठेतरी गळतंय, किंवा कोणीतरी जाळ्याच्या पाण्याने फरशी धुतंय. दोन्ही पाहिलंय.

बंब आठवा

टाकीशिवाय जाळं चालवू नका. कॉम्प्रेसर दुपारी जोरात असतो, लाँड्री पहाटे. २० घनमीटरची टाकी, ७० आणि ४० अंशांच्या मध्ये, ७०० युनिट साठवते, म्हणजे पूर्ण भाराचे दोन तास.

टाकी उभी आणि उंच हवी. दांडिया बाजारच्या आमच्या वाड्यात तांब्याचा बंब होता. गार पाणी नरसाळ्यातून तळाशी जायचं आणि वरच्या तोटीतून कढत पाणी निघायचं. घुसळण नाही, गरम वर, गार खाली. तुमच्या टाकीनेही तेवढंच करायचं आहे. गरम पाणी वरून हळूच आत, गार तळातून बाहेर, तोंडावर पसरट डिफ्यूझर. जोराच्या धारेने घुसळलंत तर २० घनमीटर कोमट पाणी मिळेल, जे कोणाच्याच कामाचं नाही.

डेन्मार्कमध्ये व्होयेन्सला अशीच साठवण एका झाकलेल्या खड्ड्यात आहे, दोन लाख घनमीटरची. उन्हाळ्यातलं ऊन हिवाळ्यासाठी ठेवायला त्यांना ती लागते. आपल्याला लागत नाही. आपली मागणी बारमाही आहे आणि ऊनही जवळपास तसंच. या बाबतीत बडोदं कोपनहेगनपेक्षा भाग्यवान.

सूर्य आणि व्हाइट कोल

सोलर थर्मल कलेक्टरचा एक चौरस मीटर दिवसाला २ ते अडीच युनिट देतो. १०० चौरस मीटर म्हणजे दिवसाला २००-२५०, आपल्या रोजच्या २,१०० च्या दहावा हिस्सा. छप्पर मोकळं असेल तर लावा, पण मी छपरावर आधी वीज बनवणारी पॅनेल लावतो आणि ती हीट पंपाला देतो. प्लंबिंग कमी, रविवारी वीज ग्रिडला जाते, गरम पाणी रविवारी कुठेच जात नाही. काचेच्या नळ्यांचे कलेक्टर लावायचेच असतील तर उत्तरायणाच्या दोन दिवसांत गच्चीच्या दाराला कुलूप घाला. पतंगापायी नळ्यांवरून उडी मारणारा एक तरी वीर निघतोच.

कपाशीच्या काड्या, शेंगांची टरफलं, एरंडाची पेंड-भुसा यांच्या ब्रिकेट, ज्यांना आपल्याकडे व्हाइट कोल म्हणतात, त्या शिखर भारासाठी ठीक. पावसाळ्यात त्या ओल्या येतात आणि भाव चढतो. म्हणून जुना गॅस बॉयलर विकू नका. तो राखीव ठेवा, महिन्यातून एकदा पेटवून बघा.

पायरी ६: मालकी, मीटर, करार

तंत्र जमतं, माणसं अडतात. "आज माझा कॉम्प्रेसर देतो, उद्या मी मशीन विकलं तर?" हा पहिला प्रश्न, आणि रास्त आहे. करारात उष्णता देणाऱ्यावर पुरवठ्याची सक्ती ठेवू नका, सूचनेची मुदत ठेवा. राखीव बॉयलर जाळ्याच्या मालकीचा असू द्या. कोणताही एक उगम गेला तरी जाळं चाललं पाहिजे.

मालकी कोणाची? डेन्मार्कमध्ये १९७३ च्या तेलटंचाईने डोळे उघडले, १९७९ मध्ये उष्णता पुरवठ्याचा कायदा आला, आणि आज तिथली सुमारे दोन तृतीयांश घरं जाळ्यावर आहेत. गावोगावची अनेक जाळी ग्राहकांच्या सहकारी संस्थांची आहेत आणि नफा काढण्याला कायद्याने मनाई आहे. आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. विठ्ठल लक्ष्मण कवठेकरांनी बडोद्यात अन्योन्य सहकारी मंडळी काढली ती १८८९ मध्ये, देशातली पहिली सहकारी पतसंस्था म्हणून तिचं नाव घेतात. आणि सामाईक पाइपाचं म्हणाल तर याच शहराच्या कारखान्यांचं सांडपाणी १९८३ पासून एका सामाईक कालव्यातून सुमारे ५५ किलोमीटर दूर समुद्राकडे जातं. घाण एकत्र वाहू शकते, तर गरम पाणी तीनशे मीटर का नाही?

प्रत्येक जोडणीला अल्ट्रासोनिक हीट मीटर लावा, जाणारं आणि परतणारं अशा दोन्ही तापमानांचे सेन्सर असलेला. दर दोन भागांत ठेवा: युनिटचा, आणि परतीच्या तापमानाचा. ४५ च्या वर पाणी परत पाठवणाऱ्याला दर अंशामागे थोडा आकार, खाली पाठवणाऱ्याला सूट. पंगतीत पुढे बसलेल्याला मात्र ही मर्यादा त्याच्या टाकीप्रमाणे ठरवून द्या, नाहीतर पहिल्याच बिलाला भांडण. डॅनिश कंपन्या असा दर लावतात आणि तो उपदेशापेक्षा जलद काम करतो.

चालू करताना

माझ्या पहिल्या जाळ्यात तीन आठवडे हीट पंप हाय प्रेशरवर ट्रिप होत होता. कंपनीचा माणूस दोनदा येऊन गेला, गॅस तपासला, सेटिंग बदललं. आम्ही सगळे मिळून त्या मशीनला शिव्या देत होतो. शेवटी एका दुपारी मी इन्फ्रारेड गन घेऊन परतीचा पाइप जोडणीजोडणीला तपासत गेलो. एका टाकीला थ्री-वे व्हॉल्व्ह होता. टाकी तापली की तो ७० अंशांचं पाणी सरळ परतीच्या लाइनमध्ये सोडत होता. ४० ऐवजी ५८ चं पाणी हीट पंपात येत होतं, तो बिचारा अजून किती चढणार? व्हॉल्व्ह माझ्याच ड्रॉइंगमध्ये होता.

तेव्हापासून नियम: सगळीकडे टू-वे कंट्रोल व्हॉल्व्ह, आणि पंपाला ड्राइव्ह, म्हणजे मागणी कमी झाली की पंपच मंदावतो. आपल्या उदाहरणाला दीड किलोवॅटची मोटर पुरते.

क्रम असा ठेवा. आधी लाइन फ्लश करा, वेल्डिंगचा कचरा गाळणीत अडकू द्या. मग नुसत्या कॉम्प्रेसरच्या उष्णतेवर, एकाच ग्राहकाला जोडून, पंधरा दिवस चालवा. परतीचं तापमान रोज वहीत लिहा. ते बसल्यावर दुसरा ग्राहक, मग टाकी, आणि हीट पंप सर्वांत शेवटी. घाईत सगळं एकदम चालू केलंत तर चूक कुठे आहे ते शोधायला तीन आठवडे लागतील, माझ्यासारखे. इस्पितळ किंवा हॉस्टेल जोडलेलं असेल तर अंघोळीच्या पाण्याची साठवण ६० अंशांवर ठेवा. कोमट साठ्यात लिजिओनेला हा आजार पसरवणारा जिवाणू वाढतो.

आणि ऑपरेटर लोकांना काय बदललंय ते नीट सांगून ठेवा, मालकांनाही. जाळं सुरू झाल्यावर पहिल्या जानेवारीत मोल्डिंगवाल्या शेठचा सकाळी सकाळी फोन आला: "साहेब, कुलिंग टॉवरचा पंखा बंद पडलाय, कोणाला तरी पाठवा, माल अडकेल." मी विचारलं, पाणी किती अंश आहे? ते बघून आले. "सत्तावीस." पंखा बंद पडला नव्हता, थर्मोस्टॅटने थांबवला होता. त्याला गार करायला काही उरलंच नव्हतं.